दिवा पिवळा की लाल?

कॅलगरीत पिकअप ही चैनीची गाडी नव्हे. छपरं घालणारे, घरोघरचे हीटर दुरुस्त करणारे, तेलाच्या विहिरींवर पाळीला जाणारे, सगळ्यांची रोजी तिच्यावर. आपली मराठी मुलंही आता या कामांत उतरली आहेत. थंडी वाढली की त्यांच्यापैकी कुणाचा तरी फोन येतोच, ‘काका, इंजिनचा दिवा लागलाय. काय करू?’

मी आधी विचारतो : दिवा कोणत्या रंगाचा? लुकलुकतोय का?

तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला तर गाडी कडेला घ्यायची आणि इंजिन लगेच बंद करायचं. ‘पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊ’ म्हणण्यात अख्खं इंजिन जाऊ शकतं. इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट पळत असेल, तर कामावर जा, पण चार-आठ दिवसांत दाखवून घे. तोच दिवा लुकलुकायला लागला तर गोष्ट वेगळी. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाहीये. ते तसंच पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आतली जाळी तापून वितळते, आणि स्पार्क प्लग किंवा कॉइलवर भागलं असतं तिथे हजारो डॉलर मोजावे लागतात. अशा वेळी पाय हलका ठेवायचा, ट्रेलर असेल तर सोडवायचा आणि टो ट्रक बोलवायचा.

गेल्या जानेवारीत संगमनेरच्या एका मुलाच्या गाडीत डिअरफूट ट्रेलवर एकामागून एक सगळेच दिवे लागले. इंजिन, एबीएस, ट्रॅक्शन, स्टिअरिंग. गाडीचा जोरही गेला. एका गॅरेजने कोड वाचले आणि थ्रॉटल बॉडीसह तीन-चार सेन्सर बदलायची यादी हातात ठेवली. पोरगा रडकुंडीला आला होता. या गाड्यांत डझनावारी छोटे कॉम्प्युटर असतात आणि सगळे एकाच बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. कडाक्याच्या थंडीत व्होल्टेज पडलं की जो तो आपापली तक्रार नोंदवतो. म्हणून आम्ही आधी बॅटरीला मल्टिमीटर लावला. इंजिन बंद असताना साडेबाराच्या वर हवं, तिथे बारासुद्धा नव्हतं. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर निगेटिव्ह टर्मिनलखाली पांढरी-हिरवी भुकटी साचली होती आणि क्लॅम्प हाताने फिरत होता. टर्मिनल घासलं, बॅटरी नवी घातली, कोड पुसले. ते परत आले नाहीत. थ्रॉटल बॉडी अजून तीच आहे.

कोड तक्रार सांगतो, खराब झालेला भाग नाही, हे मी प्रत्येकाला बजावतो. पी०४२० आला म्हणजे कन्व्हर्टर गेलाच असं नाही. सेन्सर बिघडलेला असेल, नळी गळत असेल. पी०४५५ तर कित्येकदा पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट न बसल्यामुळे येतो. अमेरिकेत १९९६ आणि कॅनडात १९९८ च्या मॉडेलपासून स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतंच. त्यात लावायचा साधा स्कॅनर वीस-तीस डॉलरला मिळतो. तो डॅशबोर्डच्या कप्प्यात हवा. गॅरेजमध्ये जायच्या आधी कोड लिहून ठेवावेत आणि भाग बदलायचा म्हटलं की ‘कोणती चाचणी करून ठरवलंत?’ असं विचारावं. परक्या देशात नवा असलेला माणूस हे विचारायला संकोचतो. पैसे आपले जाणार असतात, विचारावंच.

जुनी पिकअप घेताना तर स्कॅनर हवाच. डॅशबोर्ड स्वच्छ दिसला म्हणून भुलायचं नाही. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही कोऱ्या होतात आणि त्या पुऱ्या व्हायला बऱ्याचदा काही दिवस गाडी चालावी लागते. स्कॅनरवर बहुतेक तपासण्या ‘नॉट रेडी’ दिसल्या, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. विकणाऱ्याला कारण विचार, आठवडाभर गाडी चालवू दे म्हण, मग पुन्हा स्कॅनर लाव. तो तयार नसेल तर दुसरी बघ. या शहरात पिकअपला तोटा नाही.