शिधा की वाढलेलं ताट?

सर्व्हर-साइड रेंडरिंग म्हणजे काय रे भाऊ, असं कोणी विचारलं की मी जेवणावर येतो. पाहुण्याला ताट वाढून द्यायचं, की शिधा हातात ठेवून 'आता तूच रांध' म्हणायचं? ब्राउझरला तयार एचटीएमएल पाठवलं तर ते ताट. जवळजवळ रिकामं पान आणि सोबत जावास्क्रिप्टचं गाठोडं पाठवलं तर तो शिधा.

ट्विटरने २०१० साली नव्या डिझाइनसोबत हा शिधा वाटायला सुरुवात केली. मे २०१२ मध्ये रांधायचं काम परत सर्व्हरवर आणलं. पान पहिल्यांदा उघडायचा वेळ आधीच्या एक-पंचमांशावर आला, असं त्यांच्याच इंजिनिअर मंडळींनी लिहिलं. त्यांचं माप साधं होतं: पहिलं ट्वीट दिसायला किती वेळ लागतो?

पण नुसतं दिसून भागत नाही ना! रिअ‍ॅक्टमध्ये सर्व्हरवरून ताट आलं, तरी ब्राउझरमध्ये 'हायड्रेशन' होईपर्यंत बटणं मुकीच. पंगतीत कसं, ताट समोर असतं पण श्लोक संपेपर्यंत हात लावायचा नाही, तसं. आपल्या लॅपटॉपवर हा श्लोक जाणवतही नाही. स्वस्त फोनवर तो संपता संपत नाही.

माझा मामा कणकवलीला असतो. फोन जुना. कुठल्यातरी फॉर्मवर 'पुढे' हे बटण दिसतं, तो दाबतो, काही होत नाही. परत दाबतो. मग मला फोन: "माझा काय चुकता रे?" त्याचं काहीच चुकत नसतं.

सर्व्हरवर रांधलं की बिल वाढतं, हा मीटिंगमधला मुद्दा खरा आहे. पण चूल कुठेतरी पेटणारच. आपण वाचवलेला गॅस मामाच्या बॅटरीतून जातो, आणि वर दोषही तो स्वतःलाच देतो. हे काही मला पटत नाही.

गुगलचे निकष सांगतात की मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा आणि दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये सीपीयू सहा पट मंद करायची सोय आहे. पुढच्या रिलीजआधी ती लावा आणि आपलाच फॉर्म एकदा भरून बघा. मीटिंगमधला वाद बराच लवकर मिटेल.