होई आनची वही – भाग १ : तारीख ठरेना

४ जून, चिपळूण

सकाळीच पुण्याहून जाऊबाईंचा फोन. "अगं, दिवाळीत व्हिएतनाम. होई आनला. तुम्ही दोघं येताय." जाऊबाई विचारत नाहीत, कळवतात. शेजारच्या कुणी तरी नदीत कागदी दिवे सोडतानाचे फोटो पाठवले, तेवढ्यावर हा बेत. ह्यांनी पेपरातून मान वर न काढता "बघू" म्हटलं. आमच्या घरात 'बघू' म्हणजे होकार.

दुपारी शाळेतला जुना नकाशासंग्रह काढला. व्हिएतनामच्या चिंचोळ्या कमरेवर बोट ठेवलं. थू बोन नदी, तिच्या मुखाजवळ होई आन, उत्तरेला तीसेक किलोमीटरवर दा नांग, पाठीशी त्रुओंग सोनची डोंगररांग. वर डोंगर, मध्ये नदी, खाली समुद्र. चिपळूणहून उठून चिपळूणलाच जायचं की काय!

६ जून

वाचन सुरू. सोळाव्या-सतराव्या शतकात हे मोठं बंदर होतं. चिनी, जपानी, पुढे डच व्यापारी रेशमासाठी इथे उतरत. १६३५ साली जपानने आपल्या लोकांना बाहेर जायची बंदी घातली आणि इथली जपानी वस्ती आटत गेली. मागे राहिला त्यांच्या नावाचा छपराचा लाकडी पूल. एका टोकाला कुत्र्यांच्या मूर्ती, दुसऱ्या टोकाला माकडांच्या. वीस हजार डाँगच्या नोटेवर तोच पूल आहे.

पुढे नदी गाळाने भरली, मोठी गलबतं दा नांगला वळली. बंदर गेलं म्हणून गाव वाचलं. पैसाच नव्हता, तर जुनी घरं पाडून नवी बांधणार कोण? १९९९ साली जागतिक वारशाचा शिक्का बसला. आता पैसा आहे, पण पाडायची सोय नाही. आमच्या वाशिष्ठी नदीतला गाळ उपसताना पाहिलेल्या माणसाला यातलं पहिलं वाक्य कुणी समजावून द्यायला नको.

९ जून

पाऊस लागला. कौलांवर ताशा वाजतोय आणि मी होई आनच्या पावसाचं कोष्टक मांडून बसलेय. अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला, तरी हे पाहून चकित झाले. तिथला पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर, आणि सगळ्यांत जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरला. म्हणजे थेट जाऊबाईंच्या दिवाळीत.

करामत डोंगराची. आपला नैऋत्य मोसमी वारा तिथेही जातो, पण त्रुओंग सोनच्या पश्चिम उतारावर, लाओसच्या बाजूला रिकामा होतो. पलीकडे उतरतो तो कोरडा आणि तापलेला. त्याला तिथे 'लाओसचा वारा' म्हणतात. या दिवसांत होई आन पर्जन्यछायेत असतं, जसं आपल्याकडे घाटापलीकडचं माण-खटाव. मग वारा फिरतो, ईशान्येकडून समुद्रावरचं पाणी घेऊन येतो आणि त्याच डोंगराच्या पूर्व अंगावर आदळतो. वर वादळं. तोच डोंगर, फक्त पावसाची पाळी बदललेली.

जाऊबाईंना फोन केला. "छत्र्या घेऊ," त्या म्हणाल्या.

१० जून

छत्रीने भागणार नाही. होई आनच्या जुन्या घरांत भिंतीवर पुराच्या रेघा आहेत, साल लिहून. काही घरांत माडीच्या जमिनीत झडप ठेवलेली असते. नदी चढली की त्यातून दोरीने माल वर ओढायचा. एवढं मी वाचून दाखवलं, तशी हे पेपर बाजूला ठेवून उठले आणि आमच्या ओटीवरच्या, २२ जुलै २०२१च्या रेघेसमोर नुसते उभे राहिले. रंग द्यायला आलेल्या माणसाला त्यांनी ती पुसू दिली नव्हती. "पूर बघायला पैसे मोजून जायचं नाही," एवढंच म्हणाले. दिवाळी बाद.

१४ जून

मग कधी? जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत त्यांचं नवं वर्ष, तेत. सगळा देश घरी निघतो, गाड्या भरलेल्या, दुकानांना टाळी. गणपतीतली कोकण रेल्वे आठवली. तेत बाद. मार्च उत्तम, कोरडा, फार ऊनही नाही.

पण जाऊबाईंचे दिवे. चांद्रमासाच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवतात आणि कंदील लावतात. त्यांचा महिना आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो, म्हणजे ही रात्र आपल्या शुद्ध चतुर्दशीच्या आसपास. मी बोटांवर मोजत होते. हे आतून म्हणाले, "मार्चमधली चतुर्दशी म्हणजे होळीची आदली रात्र."

शिमगा! पालखी दारात येणार आणि आम्ही व्हिएतनामात? पुण्यालाही हे सांगावं लागलं नाही. थोरल्या दिरांनीच फोन घेतला, "मार्च विसरा."

१८ जून

चैत्र ठरला. एप्रिलची चतुर्दशी. उकडेल, पण पाऊस नाही. 'मी सोन'ची देवळं पहाटेच गाठायची, चाळीसेक किलोमीटर. डोंगरांच्या ओंजळीत चंपा राजांनी बांधलेली शिवालयं. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्म्याने इथे भद्रेश्वर स्थापला, शिलालेख संस्कृतात. १९६९च्या अमेरिकी बाँबफेकीत सगळ्यांत मोठं शिखर कोसळलं. अलीकडे भारतीय पुरातत्त्व खात्याने इथल्या काही देवळांची डागडुजी केली, आणि २०२० साली त्या कामात वालुकाश्माचं अखंड शिवलिंग सापडलं. थोरले दीर तेवढ्यासाठीच यायला तयार आहेत.

हाय वान घाटाचा एक दिवस माझा. बोगदा २००५ साली झाला, ट्रक आता त्यातून जातात. आम्ही रेल्वेने जाणार, दा नांग ते हुए. गाडी डोंगर आणि समुद्र यांच्या सांदीतून जाते. उत्तरेला जाताना समुद्र उजवीकडे. जागा त्याच बाजूच्या मागायच्या, हे वहीत दोनदा लिहिलंय.

२१ जून

जाऊबाईंचा शेवटचा प्रश्न जेवणाचा. मासळीच्या सॉसशिवाय तिथलं पान हलत नाही. शोधल्यावर कळलं, शाकाहाराला तिकडे 'चाय' म्हणतात. पाटीवर तो शब्द दिसला की आत शिरायचं, चहा मिळेलच असं नाही. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास बौद्ध घरांतून मांस-मासे वर्ज्य, म्हणून तेव्हा असलं जेवण जास्त ठिकाणी मिळतं.

"म्हणजे आमच्या दिव्यांच्या रात्री मला उपाशी राहायला नको!" जाऊबाई खूश. मग जरा थांबून, "अगं, पण तेव्हा हनुमान जयंती येते ना गं?"

मी फोन ह्यांच्या हातात दिला.