कात्रीआधीचा पावसाळा

उथळ कुंडीत फांद्या आणि मुळे वेळोवेळी छाटून वाढवलेल्या झाडाला बोन्साय म्हणतात. मात्र अशक्त झाडाच्या बाबतीत या कलेचा खरा कस कात्री बाजूला ठेवण्याच्या काळात लागतो. वऱ्हाडातल्या संत्रा बागायतदारांना हा विचार नवा नाही. वरूड-मोर्शी भागात आंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ‘ताण’ देतात, म्हणजे त्याची वाढ थांबवून त्याला फुलांकडे वळवतात; पण बुंध्यातून डिंक गळणाऱ्या डिंक्या रोगाने खंगलेल्या झाडावर जाणता बागायतदार हा भार टाकत नाही, त्याची सल, म्हणजे वाळलेल्या काटक्या, तेवढी काढतो आणि त्याला पालवू देतो.

मोठी छाटणी हाही ताणच आहे. पानांनी तयार केलेले अन्न खोडात आणि मुळांत साठते व छाटणीनंतरचे धुमारे याच शिदोरीवर फुटतात; ती नसेल तर डोळे सुटत नाहीत आणि फांदी शेंड्याकडून मागे वाळत येते. शिवाय वाढत्या शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरून नव्या मुळांना चालना देते, म्हणून कुंडीतल्या अशक्त वडाच्या बोन्सायचे शेंडे खुडणे म्हणजे त्याच्या मुळांवरच घाव घालणे होय.

दुखणे बहुधा मातीत असते. कपाशीला मानवणारी काळी माती उथळ कुंडीत ओली असताना हवा कोंडते आणि वाळली की भेगाळून कोवळी मुळे तोडते. मुळांचा गोळा हलकेच बाहेर काढल्यावर कडेला पांढरी, टणक टोके दिसली तर आशा आहे. चिमटीत धरताच साल निसटून आत दोऱ्यासारखा धागा उरणारी तपकिरी मुळे मात्र कुजलेली असतात आणि तेवढीच काढावीत. त्यानंतर चाळलेला मुरूम, विटांचे बारीक तुकडे आणि थोडे कुजलेले शेणखत भरलेल्या मोठ्या कुंडीत झाड मोकळे वाढू द्यावे. नवी पाने पक्की होण्याआधी वरखताची घाई करणे ही या कामातली सर्वांत दुःखद चूक, कारण दुबळी मुळे त्यानेच करपतात.

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा कुंडी हिरव्या जाळीखाली ठेवावी. वडाची मोठी छाटणी पावसाळ्याच्या तोंडावर करतात. तोवर धुमारे हातभर लांबले नसतील, तर आणखी एक पावसाळा थांबावे.