तंजावरचे लूथरपंथी गुरुजी

बडोद्याला तंजावर परके नाही. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या महाराणी चिमणाबाई तंजावरच्या. १८८० मध्ये त्यांचा विवाह झाला आणि त्यांच्यासमवेत तिकडचे नर्तक-वादकही येथे आले. म्हणूनच तंजावरच्या मराठ्यांची कथा आम्हांला चुलत घराण्यातली वाटते. त्या कथेतील एका जर्मन पाद्र्याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

क्रिस्तियान फ्रेडरिक श्वार्ट्झ हे त्यांचे नाव, आणि पंथ मार्टिन लूथरचा. १५१७ मध्ये लूथरने पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ विधाने मांडली. मनुष्याचा उद्धार त्याच्या सत्कृत्यांच्या बळावर नव्हे, तर ईश्वरी कृपेने होतो आणि ती कृपा केवळ श्रद्धेने पदरी पडते, ही त्याची मुख्य शिकवण. ही श्रद्धा उमजून ठेवायची, तर धर्मग्रंथ स्वभाषेत हवा. म्हणून त्याने बायबल जर्मन भाषेत आणले. ज्या शतकात एकनाथांनी भागवत मराठीत सांगितले, त्याच शतकातली ही गोष्ट. १५२९ मधील त्याची छोटी प्रश्नोत्तरी तर घरच्या कर्त्याने मुलामाणसांना घरीच शिकवावी, अशा बेताने लिहिलेली होती.

जर्मनीतून स्कँडिनेव्हियात पसरलेला हा पंथ डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने १७०६ मध्ये तरंगमबाडीस पोहोचला. तेथे त्सीगेनबाल्ग यांनी तमिळ आत्मसात करून नवा करार त्या भाषेत छापविला. याच परंपरेतले श्वार्ट्झ १७५० मध्ये आले. ते तमिळ शिकले, मराठीही शिकले. १७८७ मध्ये तुळजाराजे निवर्तले, तेव्हा त्यांचे दत्तक पुत्र सरफोजी लहान होते. गादी अमरसिंगांकडे गेली आणि मुलाची आबाळ होऊ लागली. श्वार्ट्झ त्याच्या पाठीशी उभे राहिले. त्याच्या शिक्षणाची तजवीज त्यांनी केली. १७९८ मध्ये गुरू गेले आणि त्याच वर्षी शिष्य गादीवर बसला. सरफोजींनी गुरूंसाठी इंग्रजीत स्मृतिकाव्य रचले आणि लंडनचे शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले.

सरफोजींनी धर्म बदलला नाही. गुरूंचा देव न स्वीकारताही गुरूंची विद्यानिष्ठा स्वीकारता येते, हे त्यांनी दाखविले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी समृद्ध केले, वाड्यात देवनागरी छापखाना घातला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच इसापाच्या गोष्टी मराठीत छापविल्या.

आणि तरीही? तंजावरच्या मराठी घरांत बोली टिकली, तिला तमिळचे वळण लागले. वाचन-लेखन मात्र मागे पडले. राजाचा छापखाना आणि ग्रंथालय एवढ्याने भाषा घराघरांत नांदत नाही.

मांजलपुरात आम्ही हेच पाहतो. आमची नातवंडे शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी अक्षरे ओळखतात, आमच्याशी मराठी बोलतात, परंतु कपाटातले मराठी पुस्तक उघडत नाहीत. संस्थानाने आपल्याला ग्रंथालये दिली, संस्था दिल्या. त्यांचा अभिमान आपण बाळगतो. लूथरने घरच्या कर्त्यावर सोपविलेले काम मात्र कोणतीही संस्था आपल्यावतीने करू शकत नाही. रोज संध्याकाळी एक पान, मुलांना जवळ बसवून, मोठ्याने वाचणे, एवढेच ते काम आहे.