टेकडी राहिली, तांडा हलला

हैदराबादेत चार दिवस काढलेल्या मराठी माणसासही बंजारा हिल्स हे नाव ठाऊक होते. क्रमांकांनी ओळखले जाणारे रस्ते, मोठी रुग्णालये, दागिन्यांची दुकाने, उंच इमारती, आणि घराची किंमत विचारण्याचेही धाडस होऊ नये अशी श्रीमंती, अशी या भागाची ख्याती आहे. परंतु या नावातील पहिला शब्द ज्यांचा, ती माणसे कोण होती आणि आज ती कोठे आहेत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. शहरातील स्थळांना राजांची आणि संतांची नावे पडतात. हुसेनसागरास हुसेनशाह वलींचे नाव आहे, उस्मानसागरास सातव्या निजामाचे. बैल हाकून पोट भरणाऱ्या लोकांचे नाव राजधानीच्या सर्वांत महागड्या टेकडीस मिळावे, हा योग विरळाच म्हणावा लागेल.

हे लोक म्हणजे बंजारे. महाराष्ट्रात आपण त्यांस लमाण किंवा लमाणी म्हणतो, तेलंगणात लंबाडा, आंध्रात सुगाली. ते स्वतःला मात्र ‘गोर’ म्हणवितात. (आपल्याकडील वंजारी समाज निराळा, नावाच्या साम्याने अनेकांची फसगत होते.) लमाण हा शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दावरून आला असे सांगतात, आणि ते त्यांच्या व्यवसायास धरूनच आहे. समुद्रकाठचे मीठ देशावर न्यावे, देशावरचे धान्य जेथे तुटवडा असेल तेथे पोहोचवावे, हा त्यांचा शेकडो वर्षांचा उद्योग. या मालवाहतुकीस त्यांच्या बोलीत ‘लदेणी’ म्हणतात.

गाड्यांना रस्ते नव्हते त्या काळी मालाची वाहतूक होई ती बैलांच्या पाठीवर. गोणी लादलेले हजारो बैल रोज थोडे थोडे अंतर तोडीत, वाटेतल्या गवतावर चरत पुढे सरकत. चाऱ्याला पैसा पडत नसे, म्हणून भाडेही परवडे. मुक्कामी गोण्यांची थप्पी लावून तटबंदी करीत आणि आत बायकामुलांसह रात्र काढीत. पावसाळ्यात दख्खनच्या काळ्या मातीत बैलांचे पाय रुतत. मग उंच, खडकाळ, गवताळ जागा पाहून चार महिने तळ पडे. सतराव्या शतकात गोवळकोंड्यास अनेकदा आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने दहा-बारा हजार बैलांचे असे काफिले पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. वाट अरुंद असेल तर समोरच्या प्रवाशास तो काफिला सरेपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे. या लोकांचे चार वर्ग असून कोणी धान्य, कोणी तांदूळ, कोणी डाळी, तर कोणी मीठच वाहतो, असेही तो सांगतो.

सैन्यास तर यांच्यावाचून गत्यंतर नव्हते. शाहजहानचा वजीर आसफखान दक्षिणेत उतरला तेव्हा त्याच्या फौजेस धान्य पुरविण्यासाठी भंगी आणि जंगी हे दोन नायक एक लाख ऐंशी हजार बैल घेऊन आले, अशी परंपरा आहे. त्यांना सोनेरी अक्षरांचा एक ताम्रपट मिळाला. लोकांच्या रांजणातले पाणी आणि छपरावरचे गवत घेण्याची त्यांस मुभा असावी, असा त्याचा आशय सांगतात. बैलांची संख्या कोणी कमी मानो वा जास्त, पण वजीराच्या घोड्यांचे पोट लमाणाच्या बैलावर अवलंबून होते ही गोष्ट त्या ताम्रपटाच्या कथेत स्पष्ट दिसते. पुढे इंग्रजांनी टिपूविरुद्ध आणि १८०३ साली मराठ्यांविरुद्ध मोहिमा केल्या, त्यांतही रसद आणली ती याच लोकांनी.

जगात असे लोक इतरत्रही झाले. ग्रीसच्या उत्तर भागातील पिंडस पर्वतात व्लाख नावाचा समाज आहे. चहूकडे ग्रीक, अल्बेनियन आणि स्लाव्ह भाषा, आणि हे बोलतात लॅटिनपासून निघालेली बोली. तुर्की अमदानीत त्यांचे खेचरांचे काफिले बाल्कन प्रदेशभर माल वाहत. उन्हाळ्यात मेंढरे घेऊन सुमारे दीड हजार मीटर उंचीवरील समारिनासारख्या गावी चढायचे आणि थंडीत थेसलीच्या मैदानात उतरायचे, हा त्यांचा क्रम. वेस आणि थॉम्पसन या दोन इंग्रज विद्वानांनी त्यांच्याबरोबर राहून १९१४ साली त्यांच्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तोवर १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांनी नव्या सरहद्दी आखल्या होत्या आणि जुन्या वाटा तुटल्या होत्या. तरीही व्लाखांना दर उन्हाळ्यात परतायला डोंगरावर एक गाव होते, दगडी घरे होती, देऊळ होते. बंजाऱ्यांना तेवढेही नव्हते. त्यांचे गाव त्यांच्याबरोबर चालत असे. ‘तांडा’ हा शब्दच पाहावा. आधी त्याचा अर्थ होता चालता काफिला. आज त्याचा अर्थ आहे स्थिर वस्ती. एका समाजाचा सारा इतिहास त्या एका शब्दाच्या अर्थांतरात साठलेला आहे.

हे अर्थांतर घडवून आणले आगगाडीने. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली, १८६७ साली रूळ नागपुरास भिडले, १८७४ साली वाडीहून सिकंदराबादेस गाडी आली. जो माल पोहोचवायला तांड्यास महिने लागत, तो दोन दिवसांत जाऊ लागला. धंदा बुडाला. त्याच सुमारास, १८७१ साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे भटक्या माणसाकडे संशयाने पाहणे हीच राज्याची रीत झाली. कालपर्यंत फौजेचा अन्नदाता असलेला माणूस आज पोलिसांच्या नोंदवहीत चढला. तो डाग कायद्याने पुसला गेला १९५२ साली. या मधल्या काळात तांडे जेथे जागा मिळेल तेथे टेकले: जंगलाच्या कडेला, माळावर, टेकडीवर. दूधदुभते, सरपण, मजुरी यांवर दिवस निघू लागले.

हैदराबादच्या वायव्येस, हुसेनसागरापलीकडे, अशाच टेकड्या होत्या. अडीचशे कोटी वर्षांचे ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे उभे, मध्ये झुडपे आणि गवत. शेतीस निरुपयोगी म्हणून कोणाची हरकत नाही, आणि गुरांना चरायला मोकळे रान. येथे बंजाऱ्यांच्या झोपड्या होत्या. १९३० च्या सुमारास निजामाच्या सेवेतील अधिकारी नवाब मेहदी नवाज जंग यांनी या ओसाड जागी घर बांधण्याचे मनावर घेतले. त्यांनी धोंडे फोडले नाहीत. त्यांनाच भिंती करून घरात सामावून घेतले, आणि आपल्या शेजाऱ्यांच्या नावाने त्यास ‘बंजारा भवन’ म्हटले. १९३३ साली रवींद्रनाथ ठाकूर हैदराबादेस आले तेव्हा त्यांचा मुक्काम याच टेकड्यांवर झाला, आणि येथील निसर्गावर त्यांनी एक कविताही लिहिली. मेहदी नवाज जंग पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले राज्यपाल झाले. हैदराबादचे कर्करोग रुग्णालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

नवाबांच्या मागोमाग इतर बंगले आले, बंगल्यांमागून रस्ते, रस्त्यांमागून बाजार. धोंडे सुरुंगांनी उडाले. ते वाचविण्यासाठी १९९६ साली शहरात एक संस्थाही निघाली. तांडा वाचविण्यासाठी मात्र कोणी संस्था काढली नाही. त्यास हलवायला सुरुंगाची गरजही नव्हती. ज्या जमिनीचा कागद नाही, त्या जमिनीवरून माणूस मुकाट्याने उठतो, आणि त्याच्या जाण्याची नोंद कोठे होत नाही. उरले ते नाव.

पण टेकडीवरून हललेला समाज संपला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार तेलंगणात लंबाड्यांची संख्या सुमारे वीस लाख असून राज्यातील अनुसूचित जमातींत तेच सर्वांत मोठे आहेत. २०१८ साली एक हजारांहून अधिक तांडे आणि गुडे स्वतंत्र ग्रामपंचायती झाल्या. म्हणजे चालत्या तांड्यास अखेर सरकारी दप्तरात गावाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात तर यवतमाळ जिल्ह्यातील गहुलीसारख्या छोट्या वस्तीत जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते. वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांच्या समाधीस तेलंगण, कर्नाटक, महाराष्ट्र अशा सर्व राज्यांतून यात्रेकरू येतात.

तेथे एकत्र येणारे हे लोक कायद्याच्या दृष्टीने मात्र एक नाहीत. तेलंगणात ते अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. तेलंगणातील दर्जा त्यांस १९७६ च्या कायद्याने मिळाला. त्यावरून आदिलाबादेत गोंड आणि लंबाडे यांच्यात कटुता वाढली आणि २०१७ साली ती उफाळून आली. गोंडांचेही दुःख खरे आहे: जमीन त्यांची, आणि सवलतींचा मोठा वाटा संख्येने अधिक असलेल्यांकडे. उलट २०२५ साली मराठवाड्यातील बंजाऱ्यांनी हैदराबाद संस्थानच्या गॅझेटिअरचा आधार घेऊन तोच दर्जा मागितला. एका भावास जे लाभले ते सरहद्दीपलीकडच्या दुसऱ्यास का नाही, असा त्यांचा सवाल आहे. रांजणातल्या पाण्याची मुभा देणारा ताम्रपट गेला, आता हक्क शोधायचा तो गॅझेटिअरच्या पानांत.

त्यांच्या बोलीची कथा आपणा परप्रांतस्थ मराठी कुटुंबांस विशेष जवळची वाटावी. गोरबोली राजस्थानीच्या घराण्यातली आहे. तीत आईस ‘याडी’ म्हणतात, भाकरीस ‘बाटी’. तिला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, येथे तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नडमध्ये. जनगणनेत तिची गणना हिंदीच्या पोटात होते. तरीही शेकडो वर्षे, हजार मैल चालूनही, ती घरात टिकून राहिली. श्रावणात कुमारिका टोपलीत गहू पेरून तीज साजरी करतात, होळीस लेंगी गातात, आणि ती भाषा पुढच्या पिढीच्या कानी पडत राहते. मराठीत आत्माराम राठोड यांनी ‘तांडा’ लिहून आपल्यास तिची ओळख करून दिली. तेलुगूत रमेश कार्तिक नायक या तरुण लेखकास ‘धावलो’ या कथासंग्रहासाठी २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. ग्रंथालये, शाळा, गणेशोत्सव, नियतकालिके इतका आधार असूनही आपल्या घरांतील नातवंडे मराठीत उत्तर द्यायला कचरतात. ज्यांच्यापाशी यांतले काहीच नव्हते त्यांनी भाषा कशी सांभाळली, हे त्यांच्या आयाबहिणींकडून शिकण्यासारखे आहे.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी बंजारा हिल्सवर संत सेवालाल बंजारा भवनाचे उद्घाटन झाले. सभा, शिक्षण, समारंभ यांसाठी राजधानीत समाजास आपली वास्तू मिळाली. टेकडीवर पूर्वी एक ‘बंजारा भवन’ होते ते नवाबाचे. आता आहे ते बंजाऱ्यांचे. सुमारे नव्वद वर्षांनी त्या नावास त्याचा धनी भेटला. या भागात कधी जाणे झाले, तर रस्ता क्रमांक दहावर क्षणभर थांबून ती इमारत अवश्य पाहावी, आणि बरोबर मुले असतील तर टेकडीचे नाव कोणाचे हेही त्यांना सांगावे.