दहावीचं इच्छापत्र

फेब्रुवारी सरत आला की म्हैसूरच्या शाळांत निरोपाचा एक दिवस असा उगवतो, की दहावीच्या मुली आईच्या साड्या नेसून येतात. पदर सावरायची सवय नसते, पिना कुठं कुठं लावल्यात ते फक्त आईला ठाऊक, आणि देवराज मार्केटातून सकाळी आणलेला गजरा दुपारपर्यंत वेणीवरून निम्मा खाली उतरलेला असतो. मुलांच्या अंगात थोरल्या भावांचे पूर्ण बाह्यांचे शर्ट. रस्त्याकडेची टॅबेबुयाची झाडं पानं गाळून नुसती गुलाबी झालेली. एसएसएलसी तोंडावर आलेली असते, पण त्या दिवशी कुणी तिचं नाव काढत नाही. नववीच्या मुलांनी वर्गणी काढून खाराबात आणि केसरीबात सांगितलेला असतो. त्याचा तुपकट वास सभागृहाच्या दारापर्यंत आलेला असतो, आणि आत मुख्याध्यापकांचं भाषण चालू असतं.

आमच्या शाळेत भाषणं आटोपली की शिक्षक कॉफीला जायचे आणि बराच वेळ परतायचे नाहीत. ते मुद्दामच उशीर लावत, हे मला फार पुढं, स्वतः शिकवायला लागल्यावर उमगलं. तेवढ्या वेळात दहावीची मुलं आपलं इच्छापत्र वाचत. इंग्रजीच्या बाईंच्या भावानं अमेरिकेहून पाठवलेल्या एका शाळेच्या वार्षिकातून ही कल्पना आली असं सांगत. तिकडच्या हायस्कुलांत शाळा सोडून जाणाऱ्या वर्गानं आपल्या खोडी आणि लकबी मागच्यांच्या नावे करून जायची रीत जुनी आहे. पण आमच्याकडे येईतो तिनं म्हैसुरी पाणी प्यायलं होतं. फुलस्केप कागद, कोपऱ्यात पेनानं काढलेला स्टँप, त्यावर दोन तोंडांच्या गंडभेरुंड पक्ष्याचं चित्र, आणि सुरुवात अगदी कचेरीतल्या थाटाची: मी अमुक, इयत्ता दहावी ‘ब’, पूर्ण शुद्धीत, राजीखुशीनं, कुणाच्याही दडपणाला बळी न पडता हे लिहून ठेवतो की... इंग्रजीत सुरू झालेलं वाक्य कन्नडमध्ये संपायचं. आणि मागच्या बाकावरच्या आम्हा दोघीतिघींसाठी एखादा मराठी शब्दही कुणीतरी शिकून घेतलेला असायचा.

वस्तू द्यायची नाही, असा नियम होता. पेन, बॅट, वह्या सगळं बाद. द्यायचा तो स्वभाव, सवय, खोड, कला. आणि घेणाऱ्याचं नाव घेऊन, तो समोर बसलेला असताना द्यायचं.

एक मुलगा रोज उशिरा यायचा. त्यानं वाचलं, ‘फाटकाशी पोचल्यावर चामुंडीच्या हजार पायऱ्या एका दमात चढून आल्यासारखी धाप लागलेली दाखवण्याची माझी कला मी आठवी ‘अ’मधल्या त्या मुलाला देतो, जो रोज माझ्यामागून पाच मिनिटांनी येतो आणि ज्याला अजून धड खोटं बोलता येत नाही.’ वर्षभर तोंडातून शब्द न काढलेल्या मुलीनं आपलं गप्प बसणं नववीतल्या सर्वांत बडबड्या मुलीला दिलं. तेही फक्त परीक्षेपुरतं, निकालाच्या दिवशी परत करायच्या बोलीवर. उंच मुलानं प्रार्थनेच्या रांगेत शेवटी उभं राहून डुलकी काढायचा हक्क शाळेतल्या सगळ्यात बुटक्या पोराच्या नावे केला. ते पोर बिचारं कायम रांगेत पहिलं, थेट मुख्याध्यापकांच्या नजरेखाली. सभागृहात सर्वांत जास्त हसलं ते तेच.

दहावीच्या मुलांना आम्हा धाकट्यांबद्दल इतकं कसं कळायचं? याचं उत्तर परीक्षेच्या बाकावर होतं. चाचणीला, सहामाहीला नक्कल होऊ नये म्हणून एका बाकावर दोन वेगवेगळ्या इयत्तांची मुलं बसवत. दहावीच्या शेजारी आठवी, नाहीतर नववी. दोन-अडीच तास बोलायचं नाही, शेजारच्या कागदावर बघून काही उपयोगही नाही. मग माणूस शेजारच्या माणसाकडेच बघतो. हा गणित अडलं की पाय हलवतो. ही उत्तर सुचलं की आधी पेनाचं टोपण लावते आणि मग पुन्हा काढते. हा पुरवणी मागताना हात अर्ध्यातच वर करतो, पर्यवेक्षकांना दिसेल न दिसेल असा. वर्षभरात कुणीतरी असं शेजारी बसून आपल्याकडे निरखून पाहिलं होतं, हे धाकट्यांना त्या दिवशी पहिल्यांदा समजायचं. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, पण चेहरा उजळायचा.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथं फिशपाँड आठवतील, पुण्यातल्या जुन्या मंडळींना शेलापागोटेही आठवतील. मी पुण्यात कॉलेजला आले तेव्हा स्नेहसंमेलनातले फिशपाँड ऐकले. काही फर्मास होते. शब्दांवरचा असा हात म्हैसूरला आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. तरी माझं मन तिथं रमलं नाही. पेटीत निनावी चिठ्ठी पडते, निवेदक ती वाचतो, सभागृह हसतं, आणि ज्याच्यावर बेतलेली असते तो एकटा उरतो. लिहिणारा गर्दीत बसून टाळ्या देत असतो. रंगावरून, जाडीवरून, कुणाचं नाव कुणाशी जोडून केलेले विनोद मी तिथं ऐकले, आणि एका मुलीला त्यानंतर आठवडाभर वर्गात न आलेलं पाहिलं. इच्छापत्रात ही सोय नव्हती. तिथं दुसऱ्याची खोड काढायची तर आधी स्वतःची कबूल करावी लागे, उभं राहून, आपल्या नावानिशी. जे आपल्याजवळ आहे तेच देता येतं. हसू आधी देणाऱ्यावर फुटायचं, मग घेणाऱ्याच्या वाट्याला यायचं, आणि तोवर त्याची धार गेलेली असायची. थट्टेची याहून न्याय्य रीत मला आजवर दुसरी भेटलेली नाही.

ही रीत अमेरिकेच्याही फार आधीची आहे. रोमन काळातल्या शाळकरी पोरांना एका डुकराच्या पिल्लाचं मृत्युपत्र तोंडपाठ असे. पोरं ते खिदळत म्हणतात, असं संत जेरोमनं पाचव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवून ठेवलंय. आचारी सुरी घेऊन उभा आहे आणि पिल्लू मृत्युपत्र करण्यापुरती तासाभराची मुदत मागून घेतं. मग वाटणी सुरू होते: माझे राठ केस चांभारांना, कान बहिऱ्यांना, जीभ वकिलांना आणि बडबड्यांना, मूत्राशय मुलांना, शेपूट मुलींना, घोटे धावणाऱ्यांना. ज्याला जे कमी किंवा ज्याच्या जे कामाचं, ते त्याला. फ्रेंच कवी फ्रांस्वा व्हियाँ यानं 1456 साली पॅरिस सोडताना असंच एक वाटणीपत्र पद्यात लिहिलं आणि कापलेल्या केसांचे तुकडे न्हाव्याला, जुने जोडे चांभाराला देऊन टाकले. पदरी काही नसलेल्या माणसांनी मोठ्या दिलानं वाटप करायचं, यात एक निराळाच आनंद आहे. पंधरा वर्षांच्या मुलाकडे तरी स्वतःचं म्हणावं असं काय असतं? दप्तर बापाच्या पैशाचं, सायकल भावाची. सवय तेवढी त्याची त्यानं कमावलेली.

आणि हे म्हैसूरला घडावं याचं मला अप्रूप वाटतं, कारण या गावाचा वारसा पुष्कळदा रक्तावाचूनच पुढं गेलेला आहे. श्रीरंगपट्टणच्या सुभेदाराची बायको अलमेलम्मा शाप देऊन गेली की तलकाडूची वाळू होवो आणि म्हैसूरच्या राजांना संतान न होवो. ही कथा इथल्या प्रत्येक आजीला येते. कथेचं सोडा, दत्तविधानं खरीच झाली. तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांनी 1865 मध्ये चामराजेंद्रांना दत्तक घेतलं, आणि इंग्रजांनी पन्नास वर्षं आपल्या ताब्यात ठेवलेलं राज्य 1881 मध्ये त्या दत्तक मुलाच्या हाती परत आलं. श्रीकंठदत्त वोडेयर वारल्यावर 2015 मध्ये त्यांच्या पत्नी प्रमोदादेवींनी यदुवीरांना दत्तक घेतलं तेव्हा सारं गाव ते विधी पाहत होतं. वारस निवडायचा असतो, आणि निवडण्यासाठी आधी नीट पाहावं लागतं, हे म्हैसूरच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नसेल.

या गावानं निरोपही थाटाचे दिलेत. 1921 मध्ये प्राध्यापक राधाकृष्णन कलकत्त्याला निघाले तेव्हा महाराजा कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी फुलांनी सजवलेली त्यांची गाडी घोडे न जुंपता स्वतः ओढत स्टेशनापर्यंत नेली. ते गुरूला दिलेलं देणं. आमच्या सभागृहात देणं उलट्या दिशेनं, थोरल्याकडून धाकट्याकडे जायचं, आणि त्याला मोठ्यांची साक्ष लागत नसे.

एका वर्षीचं वाचन माझ्या मनातून जात नाही. तो मुलगा आदल्या वर्षी नापास होऊन पुन्हा दहावीतच बसलेला होता. त्याचे सोबती निघून गेले होते आणि आमच्याहून वर्षानं मोठी मुलं आता त्याची सोबती होती. सगळ्यांचं हसून झालं होतं. त्यानं कागद उघडला नाही. म्हणाला, ‘नापास झाल्यावर जूनमध्ये पहिल्या दिवशी त्याच वर्गाच्या दारातून आत यायला जे लागतं, ते मी ठेवून जातोय. कुणाचं नाव घालत नाही. कुणाला त्याची गरज पडू नये. पण पडलीच तर ते इथं, तिसऱ्या बाकावर आहे.’ कोणी हसलं नाही, आणि मग कुणीतरी बाकावर थाप मारली आणि सगळं सभागृह बाकं वाजवू लागलं.

त्यावेळी मला माहीत नव्हतं, पण याच गावातला एक हेडमास्तरांचा मुलगा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला होता आणि त्यानं ते वर्ष कुक्करहळ्ळी तळ्याकाठी पुस्तकं वाचत, फिरत घालवलं होतं. पुढं 1935 मध्ये त्याची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ आली. आर. के. नारायण यांच्या त्या कादंबरीच्या शेवटीही एक निरोप आहे: राजम गाव सोडून निघालाय, गाडी हललीये, आणि स्वामीला त्याला परीकथांचं एक पुस्तक द्यायचंय. त्यांच्या गोष्टींवरची दूरदर्शनची ‘मालगुडी डेज’ मालिका मी लहानपणी घरच्यांबरोबर पाहिली. तो निरोप कळायला मात्र मला पुस्तकच वाचावं लागलं, आणि वाचताना डोळ्यांपुढं तिसरा बाक आला.

मला मिळालं ते खिडकीतून बघणं. देणारी अक्का सहामाहीला माझ्या बाकावर होती. तिनं वाचलं, ‘पेपर लिहून झाल्यावर पुन्हा तपासायचा सोडून चामुंडीवरच्या ढगाकडे बघत बसायची माझी सवय मी नववीतल्या हिला देते. तिला ती आधीपासूनच आहे, पण ती चोरून बघते. आजपासून तिनं उघड बघावं.’ चोरून बघते हे खरं होतं. घरी त्यावरून बोलणी खायची. त्या दिवसानंतर बोलणी थांबली नाहीत, पण मला त्यांचं काही वाटेनासं झालं. आज मी जे काही चार शब्द लिहिते, ते त्या खिडकीचं व्याज आहे असं मी मनापासून मानते.

माझी भाची यंदा म्हैसूरलाच दहावीला आहे, शाळा दुसरी. रीत तिला मी सांगितली, तिनं ती वर्गात नेली आणि वर्गानं उचलून धरली. परवा रात्री फोनवर तिची यादी ऐकत होते. खरा पेच असा की तिची गुणगुणायची सवय कुणाला द्यायची. गणित सोडवताना ती गुणगुणते, स्वतःला कळतसुद्धा नाही. आठवीतली बसमधली एक चिमुरडी तिच्या डोळ्यांपुढं होती, पण तिला आधी विचारलं तर गंमत जाईल आणि न विचारता दिलं तर ती रुसेल. मी म्हटलं, विचारू नकोस. तेवढ्यात तिकडं दाराची बेल वाजली. ती चिमुरडी शेजारच्याच गल्लीतली. तिला कुठून तरी कुणकुण लागलेली होती. फोन चालूच होता आणि मला तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला, अर्धा कन्नड, अर्धा इंग्रजी: गुणगुणणं नको अक्का, ते मला येतं. मला तुझं भांडण झाल्यावर पहिल्यांदा बोलायला जाणं दे.