बाय बाय कळंगुट, व्हाया महाड!

कळंगुटला सहा महिने राहिलं की सोमवार कुठला आणि शनिवार कुठला, काही कळत नाही. समोर समुद्र, मांडीवर लॅपटॉप. तुमच्या ऑफिसमधल्या स्क्रीनसेव्हरसारखी लाइफ! पण दर आठवड्याला नवे मित्र यायचे आणि रविवारी निघून जायचे. शेवटी रूम सोडली, सामान पुढे धाडलं आणि सायकलवर टांग मारली. मुंबईत ना घर, ना नोकरी. डोक्यात फक्त हायवे ६६.

खरी परीक्षा कशेडी घाटात. आता बोगदा झालाय, पण मी जुनाच घाट धरला. पोलादपूरला उतरेपर्यंत ब्रेक दाबून बोटं बधिर! इथे उजवीकडे महाबळेश्वरचा रस्ता खुणावतो. मोह आवरा, सरळ चला.

महाडच्या अलीकडे सावित्रीवरचा पूल लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, दोन एसटी बसेस वाहून गेल्या. २०१७ मध्ये नवा पूल झाला, तरी पॅडल आपोआप मंदावतं.

एमआयडीसीजवळच्या टपरीवर शिफ्ट सुटलेल्या काकांनी विचारलं, ‘गोव्यावरून सायकलने? का, गाडी बंद पडली काय?’ नोकरी सोडल्याचं सांगितल्यावर त्यांनी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत!

गावात चवदार तळं आहे. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं इथवर चालत आली, ओंजळभर पाण्याच्या हक्कासाठी. काठावर तासभर बसले. मुंबईचं टेन्शन गेलं नाही, पण बरंच लहान झालं.

जाणार असाल तर जानेवारीत जा, आणि पहाटेच निघा.